ज्याचं शेत, त्याचा निवद

जळगावात जागेची किंमत सांगणारा माणूस शोधावा लागत नाही. एखाद्या रिकाम्या प्लॉटपुढे गाडी उभी करून नुसतं पाणी प्यायलात, तरी मागून कोणीतरी येऊन विचारतोच, "ह्याला मागच्या दिवाळीत काय भाव आला होता, माहितीये का?" आपल्याला माहीत नसतं, त्यालाही नसतं, पण सांगायची हौस दांडगी. अशा गावात किंमत सांगण्यासाठी रीतसर परीक्षा द्यावी, नोंदणी नंबर मिळवावा, स्वतःच्या नावाचा शिक्का करावा, असं रत्नाने मनावर घेतलं. तेव्हा तिची आई बेबाबाई धुळ्याहून फोनवर मनसोक्त हसली. "पोरी, जे बठ्ठा गाव फुकट सांगस, ते तू परीक्षा दिसन सांगशी?"

रत्नाला हसू आलं नाही. तिला चीड होती, आणि चिडीला कारण होतं. धुळ्याला सिव्हिल इंजिनिअर झाली, काही वर्षं ठेकेदारांच्या साइटवर उन्हात रापली, लग्न होऊन जळगावला आली आणि बन्सीलाल सरांच्या ऑफिसात लागली. बन्सीलाल सर म्हणजे बँकांचे जुने व्हॅल्युअर. कोणाला घर-दुकान-जमीन गहाण टाकून कर्ज हवं असलं, की ती मालमत्ता कितीची आहे हे बँकेला सांगणारा माणूस. शहरात त्यांचा केवढा मान! लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत पान, गणपतीच्या आरतीला पुढे ताट.

आणि काम? सर गाडीतून उतरत नसत. पांढरी गाडी, एसी चालू, काच चार बोटं खाली. "ते पिवळं दिसतंय तेच ना?" एवढं विचारायचं आणि काच वर. झाली पाहणी. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी चढतो हो! प्रत्येक अहवालाची पहिली ओळ मात्र ठरलेली: 'मी स्वतः जागेवर जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली आहे.' ही ओळ टाइप करताना रत्नाच्या बोटांना अक्षरशः खाज सुटे.

किंमत काढायची त्यांची पद्धत तर विचारूच नका. पुस्तकात लिहिलंय, आसपासचे व्यवहार बघा, बांधकामाचं वय बघा, रस्ता बघा, मग हळूहळू आकड्यापर्यंत या. सर गिऱ्हाइकाला खुर्ची देत, चहा मागवत आणि विचारत, "कर्ज किती पाहिजे?" त्याने सांगितलं की झालं. तिथून उलटं चालत यायचं. आधी मूल ठरवायचं आणि मग त्याला शोभतील असे आईबाप शोधायचे. काट्याकुट्यांत शिरून टेप धरायची, कुत्र्यांच्या शिव्या खायच्या, रात्री आकडे जुळवायचे, हे सगळं रत्नाने करायचं. सही सरांची, शिक्का सरांचा, फी सरांची.

म्हणून तिला स्वतःचा शिक्का हवा होता. किती हवा होता हे ती कोणाला सांगत नसे. कोर्स केला, नाशिकला जाऊन परीक्षा दिली, चुकीच्या उत्तराला मार्क कापतात त्यात आपटली, पुन्हा दिली, पुन्हा आपटली. घरात सासू म्हणाली, "पुरे आता." तिसऱ्यांदा पास झाली. नोंदणी नंबर आला त्या दिवशी ती पेढे घेऊन ऑफिसात गेली. सरांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "छान. आता ह्या नंबरचं काय करशील? लोणचं घालशील?"

माणूस हलकट असला तरी बोलला ते खरं होतं. नुसत्या नंबरने काम मिळत नाही. बँकेच्या यादीत नाव लागावं लागतं. ज्या बँकेची सगळ्यात जास्त कामं असत, तिचं विभागीय कार्यालय धुळ्याला. तिथे मुलाखत. अर्जासोबत दोन गोष्टी लागणार: ज्याच्या हाताखाली काम केलं त्याचं अनुभवाचं पत्र, आणि स्वतःच्या सहीचा एक अहवाल. पत्र बन्सीलाल सरांनी द्यायचं. आणि सर काही देईनात.

"देतो गं. पत्र काय पळून चाललंय?" असं म्हणत दसरा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली, बाजारात भरताची वांगी आली, तरी पत्र आलं नाही. आणि एके दिवशी सर स्वतःहून म्हणाले, "रत्ना, रावेरकडचं एक काम आहे. ह्याच्यावर सही तू कर. तुझा पहिला अहवाल! बँकेशी बोलून ठेवलंय मी. हे झालं की पत्र तुझ्या हातात."

फी फर्मची, सही तुझी, आणि उद्या काही झालं तर गळाही तुझाच. हे शेवटचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. रत्नाला एवढ्या उदारपणाचा संशय यायला हवा होता. पण हावऱ्या माणसाला वास येत नाही, आणि ती त्या दिवशी हावरी झालेली होती. घरी जाऊन तिने नवा शिक्का डबीतून काढला आणि कोऱ्या कागदावर दोनदा उमटवून पाहिला.

गिऱ्हाईक होता चुडामण. केळीची दलाली करायचा. गळ्यात चेन, बोटांत खडे, आणि तोंडात 'भाऊ' शिवाय शब्द नाही. केळी पॅकिंगचं मोठं शेड आणि केळी पिकवायच्या थंड खोल्या, अशी मालमत्ता दाखवून त्याला कर्ज हवं होतं. पाहणीचा दिवस त्यानेच ठरवला आणि फोनवर सांगितलं, "बन्सीभाऊ, कागद मागून पाहू. आधी वावरात भरीत खाऊ!"

खान्देशात थंडीच्या दिवसांत शेतात भरीत खायला बोलावलं आणि माणूस गेला नाही, असं झालेलं कोणाला आठवत नाही. तिथे सोयरिकी जुळतात, भावकीतली भांडणं मिटतात, निवडणुका ठरतात. व्हॅल्युएशनही तिथेच होतं, हे रत्नाला ऑफिसात लागल्यावर कळलं. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणे. इथे वांगं देऊन बंगला काढतात.

भुसावळ, फैजपूर, सावदा करत गाडी रावेरच्या अलीकडे आत वळली. दोन्ही बाजूंना केळी, समोर सातपुडा. शेड दिसलं आणि रत्ना मनातून खूश झाली. काय नामी काम होतं! छपराच्या लोखंडी कैच्या सरळ, पत्रा चांगल्या जाडीचा, खाली कोबा बिनभेगांचा, खोल्यांची दारं घट्ट बसणारी. ज्याने बांधलं त्याने जीव ओतून बांधलं होतं. दर्शनी बाजूला चुडामणच्या नावाचा आणि हसऱ्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स लावलेला होता. फ्लेक्सच्या सुतळ्या इतक्या नव्या की त्यांच्यावर धूळसुद्धा नव्हती.

रत्नाने मोजायला सुरुवात केली. चुडामण मागे मागे. "ताई, आधी जेवून घ्या ना. शेड काय पळून जातं?" सर गाडीत. बँकेचा एक तरुण साहेब आला होता, तो खाटेवर बसून मोबाइलमध्ये. तिकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. गडी लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण आणि वांगी घालून मुसळीने कुटत होते. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. त्या वासाने सर गाडीतून उतरले. खरं सांगते, चार वर्षांत रत्नाने त्यांना जागेवर उतरलेलं पहिल्यांदा पाहिलं, तेही जेवायला!

केळीची पानं मांडली. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आल्या. शेडच्या कोपऱ्याला एक निंब होता. त्याखाली शेंदूर फासलेला मुंजोबाचा दगड. शेतात काही शिजलं की पहिलं पान त्याला. हे काही कोणाला सांगावं लागत नाही.

"चला चुडामण, निवद दाखवा," सर पानापुढे मांडी घालत म्हणाले. "पोटात कावळे ओरडताहेत."

"हो हो, दाखवू ना," चुडामण म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

"अहो, उठा!"

"मी... आज जरा... पायाला लागलंय, भाऊ."

पायाला काही लागलेलं नव्हतं. सकाळपासून तो रत्नाच्या मागे हरणासारखा पळत होता. रत्नाने फोटो काढता काढता मान वळवली. चुडामणच्या कपाळावर ऐन थंडीत घाम होता. बँकेचा साहेब भाकरी मोडायला निघाला, तसा एक गडी दचकून म्हणाला, "थांबा साहेब, अजून निवद नाही झाला." सगळे पानांपुढे हात धरून बसलेले, भरिताची वाफ निवत चाललेली, आणि ज्याचं शेत तो जागचा हलेना.

तेवढ्यात केळीच्या बागेतून एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, हाताला माती. तिने हात धुतले, कोणाला काही न विचारता एका पानावर भाकरी, भरीत, मिठाचा खडा घेतला, निंबाखाली गेली, पाणी फिरवलं, दगडापुढे पान ठेवलं आणि डोकं टेकलं. मग मागे वळून म्हणाली, "बसा बापा, आता जेवा."

रत्नाच्या हातातला मोबाइल तसाच वर होता. तिच्या नकळत तिने तो फोटो काढला. शेड, फ्लेक्स, निंब, दगडापुढे वाकलेली म्हातारी, आणि कडेला पानापुढे बसलेला चुडामण.

रत्ना धुळ्याकडच्या शेतकऱ्याची पोरगी. तिच्या वडिलांची आणि चुलत्याची वाटणी झाली, त्या वर्षी चुलत्याने सवयीने भावाच्या वाट्याला गेलेल्या जुन्या वावरातल्या म्हसोबाला निवद ठेवला, तर घरात तीन दिवस कोणी नीट जेवलं नव्हतं. दुसऱ्याच्या शेतातल्या देवाला आपल्या हाताने निवद? माणूस बांध कोरेल, झाड तोडेल, कोर्टात खोटी शपथ घेईल, पण हे करणार नाही. देवाने पान झिडकारलं तर घर बसतं, असं सगळे मानतात. चुडामण उठला नाही तो पायामुळे नाही, हे तिला पहिल्या घासालाच कळलं. आणि तरी ती जेवली. खोटं कशाला बोला, दोन भाकरी जेवली. भरीत होतंच तसं.

हात धुवायच्या निमित्ताने ती विहिरीपाशी गेली. म्हातारी भांडी गोळा करत होती.

"अक्का, नाव काय तुमचं?"

"भागाबाई."

"निवद तुम्ही दाखवला?"

"मंग कोन दाखवीन, माय? वावर माह्यं हाय. मुंजोबा माह्या हातचं खातो."

"आणि हे शेड?"

भागाबाईचा चेहरा फुलला. "माह्या समाधाननं बांधेल हाय. लेकरानं लय कष्ट काढले. आज गाडी घेऊन सुरतले गेला. चुडामण माह्या पुतन्या लागतो. तो म्हने, काकू, मोठे साहेब लोकं केयी पाह्याले येऊन राह्यले, आपल्या वावरात भरीत करू. म्हटलं कर बापा, वांगी घरचीच हायेत."

"आणि चुडामणभाऊंचं वावर?"

म्हातारीने नाल्यापलीकडे हात केला. तिकडे बाभळी, मुरूम आणि एक मोडकी बैलगाडी. रत्नाने मोबाइलवर गटाचा नकाशा उघडून पाहिला. कर्जाच्या कागदावरचा गट नंबर त्या मुरमाचा होता. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. ह्याने तर काकूच्या बिळावर स्वतःचा फोटो टांगला होता!

परतीच्या वाटेवर तिने गाडीत सगळं सांगितलं. तिला वाटलं, सर दचकतील. सरांनी दात कोरले.

"चुडामणचं वावर नाल्यापलीकडे आहे, हे तू शाळेत होतीस तेव्हापासून मला माहीत आहे."

रत्नाने विचारलं, "मग?"

"मग काय? बँक गट नंबर बघते. बँक फोटोही बघते. दोन्ही शेजारी ठेवून कोणी बघत नाही. शिकून घे."

"आणि हप्ते थकले तर? बँकेची माणसं फोटोतलं शेड शोधत येतील. सील त्या म्हातारीच्या दाराला लागेल, सर."

"तोवर तू मोठी व्हॅल्युअर झालेली असशील. परवा अहवाल दे, परवाच पत्र घे."

आता तिला कळलं, सही तिची कशासाठी हवी होती. इतक्या वर्षांच्या लबाडीत ह्या माणसाने स्वतःच्या हाताला कधी आच लागू दिली नव्हती. ह्या खेपेला आच मोठी होती, म्हणून चिमटा म्हणून तिला धरलं होतं. ती म्हणाली, "मी सही करणार नाही."

सर हसले. "दोन भाकरी हाणल्यास ना आत्ता? पाहिलं मी. त्याच्याच वावरात जेवायचं आणि त्याच्याच घराचे वासे मोजायचे? खाल्ल्या मिठाला जाग जरा."

ह्यावर काय बोलावं ते रत्नाला सुचलं नाही. तोंडात अजून भरिताची चव होती, म्हणून जास्तच लागलं. तिने सावद्याला गाडी थांबवायला सांगितली, उतरली आणि एसटीने जळगावला आली. उत्तर सुचलं नाही याचा तिला इतका राग आला, की भुसावळपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही.

आता कोणी म्हणेल, तिने लगेच खरा अहवाल लिहिला असेल. तसं झालं नाही. शिक्का डबीत होता. पत्र परवाच्या वायद्यावर होतं. धुळ्याची मुलाखत तोंडावर होती. एका सहीचा प्रश्न. म्हातारीचं पुढचं पुढे, कर्ज काय सगळ्यांचीच थकतात? हे सगळं तिच्या मनात आलं, अगदी सरांच्याच आवाजात आलं, आणि त्याचीच तिला शरम वाटली. चार वर्षं ज्याला मनातून नावं ठेवली, तो माणूस आपल्या डोक्यात खुर्ची टाकून बसलाय! तेव्हा कुठे तिने संगणक उघडला.

अहवालात तिने गट नंबराप्रमाणे जमीन लिहिली. मुरूम, बाभळी, नाला, बांधकाम काही नाही. किंमत लिहिली, ती चुडामणच्या गळ्यातल्या चेनीएवढी भरली. भागाबाईंच्या मुलाला, समाधानला, फोन करून सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "चुडामणदादा असं नाही करणार, मॅडम." मग गावी येऊन त्याने फ्लेक्स पाहिला. फ्लेक्स उतरवून केळीच्या ट्रॉलीवर झाकायला घेतला.

ठरल्या दिवशी तिने अहवाल सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्याने लिहिलेला अहवाल त्यांनी पूर्ण वाचल्याची ही पहिलीच वेळ असावी. मग म्हणाले, "कानामागून आली अन् तिखट झाली. पत्र विसर. उद्यापासून येऊ नकोस." ती गेली. चुडामण रडत आला, फी वाढवून दिली, आणि अखेर बन्सीलाल सरांनी त्या कामावर स्वतःच सही केली. हाव माणसाला गाडीतून उतरवते, ती अशी.

धुळ्याला मुलाखतीच्या दिवशी रत्ना आईकडूनच निघाली. सगळं ऐकून बेबाबाई म्हणाली, "तुना साहेब गाडीमाईन उतरस नही, आनि बठ्ठास्नी किंमत सांगस! जाय, तू घाबरू नको." पण रत्ना घाबरलेली होती. पत्र नव्हतं. हातात एकच अहवाल होता, आणि तोही गिऱ्हाइकाच्या विरुद्ध.

समोर तिघे होते. मधले भामरे साहेब, पिकलेल्या मिशा, शिरपूरकडचे. बोलणं रोखठोक.

"अनुभवाचं पत्र?"

"नाही मिळालं, साहेब."

"चार वर्षं काम केलं आणि पत्र नाही?" त्यांनी दोघांकडे पाहिलं. दोघे हसले. भामरे साहेबांनी एक दुसरी फाइल पुढे ओढली. "बाई, तुमच्या नमुन्याच्या अहवालातला हा गट नंबर. ह्याच गटाचा बन्सीलालांचा अहवाल आमच्याकडे आलाय. तुमच्या अहवालात मुरूम आहे, त्यांच्यात शेड आहे. कोणीतरी खोटं बोलतंय. ते इतकी वर्षं आमच्या यादीवर आहेत. तुमचा शिक्का अजून ओला आहे."

"साहेब, त्यांच्या अहवालातला फोटो बघू का?"

फाइल तिच्याकडे फिरवली. फोटो पाहिला आणि रत्नाला हसू आवरेना. तिचाच फोटो! सरांनी आयुष्यात कधी फोटो काढलेला नव्हता. त्या दुपारी तिने सवयीने सगळे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकले होते. त्यांतला शेड ठळक दिसणारा त्यांनी उचलला आणि डकवला. निरखून बघायची सवय असती, तर ते बन्सीलाल कसले!

"साहेब, ह्या निंबाखाली बघा."

भामरे साहेबांनी चष्मा लावला. "कोणी बाई दिसते. पान ठेवतेय."

"मुंजोबाला निवद. भागाबाई नाव त्यांचं. आणि कर्ज मागणारा तो तिथे, डावीकडे. पानापुढे बसलाय."

"बसलाय?"

"बसलाय. सगळे त्याला उठा उठा म्हणत होते. नाही उठला."

भामरे साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. शिरपूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा तो, त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारचा पुण्याकडचा तरुण अधिकारी मात्र विचारू लागला, "पण सर, ह्यावरून काय सिद्ध होतं?"

"गप रे," साहेब म्हणाले. "बँकेला फसवायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या मुंजोबाला फसवायला भ्याला. आपल्यापेक्षा त्या दगडाचा वचक जास्त आहे, एवढं सिद्ध होतं. उद्या नकाशा घेऊन माणूस पाठव." मग ते रत्नाकडे वळले, आणि आवाज एकदम कडक झाला. "पण बाई, तुम्हीही त्या पंगतीत होता. जेवलात?"

"जेवले."

"पोटभर?"

"दोन भाकरी."

"म्हणजे पाहणीला जायचं, भरीत हाणायचं, आणि घरी येऊन विरुद्ध अहवाल लिहायचा. खाल्ल्या मिठाला जागायची रीत नाही का तुमच्यात?"

सावद्याच्या फाट्यावर न सुचलेलं उत्तर तिच्या ओठांवर आपसूक आलं.

"जागले ना, साहेब. मीठ भागाबाईंचं होतं."

भामरे साहेबांनी तिच्या अर्जावर पत्राच्या रकान्यापुढे काहीतरी लिहिलं, फाइल मिटली आणि म्हणाले, "कळवू."

कळवलं ते चांगलं महिनाभराने. नाव यादीत लागलं होतं. सोबत पहिलं काम: बन्सीलाल यांच्या जुन्या अहवालांतल्या काही मालमत्ता जागेवर जाऊन पुन्हा तपासणे. ही बातमी जळगावात कशी फुटली देव जाणे, पण ज्या गावात प्लॉटची किंमत वाऱ्यावर फिरते, तिथे हे काय लपणार? दोनच दिवसांत चहाच्या टपरीवर बन्सीलाल सांगत होते, "रत्ना? अहो, माझ्याच हाताखाली तयार झाली पोरगी!"

त्याच आठवड्यात तिच्या दारात पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली नाही, दार उघडलं. सर उतरले, स्वतःच्या पायांनी, फाटकापर्यंत चालत आले. एका हातात लेटरहेडवर छापलेलं अनुभवाचं पत्र, तारीख मागच्या दसऱ्याची. दुसऱ्या हातात भरताच्या वांग्यांची मोठी पिशवी, पांढरी-हिरवी, टवटवीत.

"राहूनच गेलं होतं गं द्यायचं," ते म्हणाले. "आणि ही वांगी. भरीत कर घरी. आपल्या माणसांत काय हिशोब?"

रत्नाने पत्र वाचलं. 'हिचे काम मी स्वतः प्रत्यक्ष पाहिले आहे,' असं पहिल्याच ओळीत होतं. तिने ते घडी घालून त्यांच्या खिशात परत ठेवलं, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "सर, वांगी कुणाच्या वावरातली?"

सरांनी पिशवीकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. जळगावातल्या एकेका प्लॉटची किंमत काच चार बोटं खाली करून सांगणारा माणूस, पण हे काही त्यांना सांगता येईना.